वारुळाची अळंबी: नवशिक्याच्या पहिल्या तीन पावसाळ्यांसाठी

आषाढ लागला की कुडाळ, सावंतवाडी, बांदा या गावांच्या बाजारांत आणि गोव्यात फोंड्याकडून काणकोणाकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला रानातून आणलेल्या अळंबीचे वाटे हिरव्या पानांवर मांडलेले दिसू लागतात. कोकणात हिला अळंबी किंवा आळंबी म्हणतात, गोव्यात ओळमी, आणि विदर्भाच्या जंगलपट्ट्यात सात्या किंवा टेकोडे. बाकी सगळ्या छत्र्यांची बोळवण आपण ‘भूछत्र’ आणि ‘कुत्र्याची छत्री’ या दोन शब्दांत करतो, आणि नेमकी तिथेच नवशिक्याची पंचाईत होते, कारण ज्या शब्दाने खाण्याची वस्तू सांगितली जाते त्याच शब्दाने जीव घेणारी वस्तूही सांगितली जाते. शहरातून गावी परतलेल्या, किंवा गावातच राहूनही ही विद्या घरातून न मिळालेल्या माणसाला अळंबी स्वतः शोधून आणावीशी वाटली तर त्याने कोणत्या क्रमाने जावे, ते पुढे सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक मर्यादा घालून घ्यावी. रानात खाण्याजोग्या अळंब्या अनेक असतात, पण नवशिक्याने त्यांतली एकच शिकावी, आणि कोकण-गोव्याच्या माणसासाठी ती म्हणजे वारुळाची अळंबी. तिलाही तीन पावसाळे द्यावेत: पहिला नुसता पाहण्याचा, दुसरा उकरून तपासण्याचा आणि तिसरा खाण्याचा. हा काळ कुणाला फार लांबचा वाटेल. मला तो बेताचाच वाटतो, कारण एका जागी ही अळंबी वर्षातून एखाद्या वेळीच वर येते, तीही दोन-चार दिवसांपुरती, आणि तीन वर्षे नेमाने हिंडूनही नवशिक्याच्या वाट्याला तिला जवळून तपासण्याचे प्रसंग जेमतेम दहा-बाराच येतात.

वाळवीची शेती

ओळखीची सगळी लक्षणे या अळंबीच्या जगण्याच्या रीतीतून आलेली आहेत, म्हणून ती रीत आधी समजून घ्यावी. मातीची वारुळे उभारणाऱ्या काही वाळव्यांना वाळलेले लाकूड आणि पालापाचोळा स्वतःच्या बळावर नीट पचवता येत नाही. कामकरी वाळवी तो खाऊन घरी आणते, अर्धवट पचलेल्या त्या लगद्याची वारुळाच्या पोटात स्पंजासारखी भोकाभोकांची पोळी रचते, आणि त्या पोळ्यांवर एक विशिष्ट बुरशी वाढू देते. बुरशी लाकडातला चिवट भाग मोडते आणि वाळवी मग ते मऊ झालेले पोळे बुरशीसकट खाते. माणसाने नांगर धरण्याच्या कितीतरी आधी, सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी, ही शेती आफ्रिकेत सुरू झाली असे संशोधक मानतात. या बुरशीच्या वंशाला फ्रेंच संशोधक रोजे हाइम यांनी १९४२ मध्ये टर्मिटोमायसिस हे नाव दिले. पावसाळ्यात जमीन पुरती भिजली की हीच बुरशी वारुळातून वर छत्री पाठवते. आपण जिला अळंबी म्हणतो ती या बुरशीचे फळ आहे, आणि झाड जमिनीखाली वाळवीच्या ताब्यात आहे.

यातून नवशिक्याच्या उपयोगाच्या काही गोष्टी निघतात. छत्री पोळ्यापासून निघून मातीतून वर येत असल्यामुळे तिचा देठ जमिनीखाली मुळासारखा निमुळता होत खोल जातो, कधी वीतभर, कधी हातभर. वारूळ एका जागी वर्षानुवर्षे टिकत असल्यामुळे अळंबीही बहुधा त्याच जागी आणि जवळजवळ त्याच दिवसांत पुन्हा येते. म्हणूनच जुन्या बायका आपली जागा सख्ख्या जावेलाही सांगत नाहीत. शिवाय सगळीच वारुळे उंच उभी नसतात. आपल्याकडच्या अनेक वाळव्यांची घरे पूर्णपणे जमिनीखाली असतात, त्यामुळे सपाट गवतात, आंब्याच्या बुंध्यापासून चार हातांवर, वर काहीही खूण नसताना अळंबीचा ताटवा उभा राहिलेला दिसतो. आणि ही बुरशी वाळवीशिवाय नीट फळत नसल्यामुळे बटण किंवा धिंगरी अळंबीसारखी तिची व्यापारी शेती होत नाही. जी मिळते ती रानातूनच येते, म्हणून तिचा भावही चढा असतो.

सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते, हे इथे सहज आठवते. कोकणीत वारुळाला रोयण म्हणतात आणि या अळंबीला रोयणीची ओळमी. गाभाऱ्यात माणसाच्या उंचीचे वारूळ असलेल्या गावात वारुळावर पहार न चालवण्याचा संकेत वेगळा शिकवावा लागत नाही.

पहिला पावसाळा: बाजार आणि वाट

पहिली अळंबी रानात शोधू नये, बाजारात शोधावी. सकाळी लवकर बाजारात जावे, एखाद्या मावशींकडून एक वाटा विकत घ्यावा, आणि घासाघीस न करता दोन प्रश्न विचारावेत: ‘ही कुठल्या जमिनीत येते?’ आणि ‘हिच्यासारखी दिसणारी पण तुम्ही घेत नाही ती कुठली?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोघम मिळेल, ते स्वाभाविक आहे, कारण तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र बहुतेक जणी मोकळेपणाने देतात, आणि पुष्कळदा पहिल्यापेक्षा तेच अधिक कामाचे ठरते.

घरी आल्यावर वाट्यातल्या दोन-तीन छत्र्या बाजूला काढून उजेडात नीट पाहाव्यात. एक उभी चिरावी. मधोमध टोकदार, किंचित गडद आणि बोटाला टणक लागणारे बोंड दिसेल. माती फोडून वर येण्याचे काम तेच करते. बोंडापासून कडेकडे रंग फिकट होत जातो, राखाडी किंवा तपकिरीवरून पांढरटाकडे. छत्री पुरती उघडल्यावर तिची कड बऱ्याचदा उभी फाटते. छत्रीच्या खाली पुस्तकाच्या पानांसारखे दाट, पातळ पडदे असतात. ते कोवळेपणी पांढरे असतात, जून झाल्यावर त्यांवर फिकट गुलाबी झाक येते, आणि ते देठापर्यंत पोचण्याआधीच थांबतात, म्हणजे पडदे आणि देठ यांच्यामध्ये बारीक मोकळी खाच दिसते. देठ आतून भरीव आणि तंतुमय असतो. हे सगळे हाताला आणि डोळ्याला लागेपर्यंत पुन्हा पुन्हा पाहावे, आणि मग उरलेला वाटा शिजवून खायला हरकत नाही.

उरलेला पावसाळा वाट धरण्यात घालवावा. आर्द्रा-पुनर्वसूच्या सुमारास, दोन-तीन दिवस धो धो पडून उघडीप आली की पहाटे बाहेर पडावे. पावसात गडगडाट झाला की अळंबी येते, अशी समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे. तिला हसण्याचे कारण नाही. जपानमध्ये इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी लाकडावर वाढणाऱ्या शिताकेसारख्या अळंबीला उच्च दाबाच्या विजेचे झटके देऊन पाहिले, तेव्हा पीक वाढलेले आढळले. वारुळाच्या अळंबीला हे किती लागू पडते हा वेगळा प्रश्न आहे. गडगडाटानंतर सहसा जोराचा पाऊस होतो आणि जमीन खोलवर भिजते, एवढे कारणही त्या समजुतीला पुरेसे आहे.

या वर्षी हात लावायचा नाही, फक्त वही लिहायची. तारीख, आदल्या तीन दिवसांतला पाऊस, जमीन लाल कातळाची की भुसभुशीत, जवळचे झाड, वारूळ दिसते की नाही, छत्र्या एकेकट्या की ताटव्याने, हे लिहावे. प्रत्येक छत्रीचे वरून, बाजूने आणि खालून असे तीन फोटो काढावेत. खालचा फोटो बहुतेक लोक काढतच नाहीत आणि ओळख मात्र खालीच असते. मोबाइलवरची ओळख सांगणारी अ‍ॅप या कामी वापरू नयेत. ती फोटोवरून अंदाज बांधतात, त्यांना मातीतला देठ दिसत नाही आणि बीजाणूंचा, म्हणजे पडद्यांतून गळणाऱ्या भुकटीसारख्या बियांचा, रंग कळत नाही, आणि चुकल्यावर दवाखान्यात त्यांना जावे लागत नाही.

दुसरा पावसाळा: कुठे जावे, काय न्यावे

दुसऱ्या वर्षी हात लावायचा म्हणजे आधी जमीन कोणाची ते पाहावे लागते. कोकणात बरीच जंगले मालकीची असतात, तेव्हा मालकाला विचारावे. नाही म्हणणारा क्वचितच भेटतो, पण न विचारता शिरलेल्याला पुढच्या वर्षी फाटक बंद मिळते. देवराईतून काही नेऊ नये. अभयारण्यातून कोणतेही वनोपज परवानगीशिवाय नेण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २९ नुसार मनाई आहे, त्यामुळे राधानगरी, कोयना, फणसाड किंवा गोव्यातल्या म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला या हद्दींमध्ये नवशिक्याने टोपली घेऊन जाऊच नये. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर जे हक्क दिले आहेत ते तिथे राहणाऱ्या आदिवासी आणि पारंपरिक वननिवासी कुटुंबांचे आहेत, शनिवार-रविवारी गाडीने येणाऱ्यांचे नव्हेत. कायदेशीर जागांतूनही काही वगळाव्यात: महामार्गाची कड, खाणींचा परिसर, सांडपाण्याचे नाले, आणि तणनाशक मारलेल्या आंबा-काजूच्या बागा. अळंबी मातीतले जड धातू आणि विषारी द्रव्ये सहज शोषून घेते, आणि ती धुऊन किंवा शिजवून जात नाहीत.

सामान थोडेच लागते. बांबूची किंवा वेताची टोपली, तिच्या तळाला केळीचे किंवा सागाचे पान, एक बोथट सुरी किंवा लहान खुरपे, जुनी वर्तमानपत्रे, वही आणि पेन्सिल, कारण पेनाची शाई पावसात टिकत नाही. प्लास्टिकची पिशवी नेऊ नये. तिच्यात अळंबी घामाघूम होऊन तासाभरात चिकट होते, आणि नासलेल्या अळंबीनेही पोट बिघडते, मग जात कितीही चांगली असो. पायात गमबूट हवेतच. वारूळ हे नागाचे घर असते ही म्हण नुसती नाही, आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कातळांवर फुरसे पाचोळ्याच्या रंगात मिसळून बसलेले असते. कुठेही हात घालण्याआधी काठीने पाचोळा हलवून घ्यावा, आणि एकट्याने कधीच जाऊ नये.

उकरून पाहणे

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. अळंबी दिसली की ती उपटायची नाही. देठ धरून ओढला की तो जमिनीशी मोडतो, आणि जे पाहायचे असते ते मातीतच राहते. ताटव्यातली एकच छत्री निवडावी, तिच्या देठाच्या बाजूने खुरप्याने हळूहळू माती सारावी, आणि देठ कसा खाली जातो ते पाहावे. वारुळाच्या अळंबीचा देठ खाली मुळासारखा बारीक होत सरळ आत जात राहतो. वीतभर खाली गेल्यावर थांबावे. पोळ्यापर्यंत पोचण्याचा हट्ट धरू नये, आणि पाहून झाल्यावर खड्डा त्याच मातीने बुजवून हलकेच दाबावा.

देठ जर खाली मुळासारखा न होता फुगीर कांद्यासारखा संपत असेल, किंवा त्याचे बूड पांढऱ्या पातळ पिशवीत किंवा वाटीत बसलेले असेल, तर ती छत्री तिथेच सोडावी आणि हात धुवावेत. ही पिशवी अमानिता वंशाची मुख्य खूण आहे, आणि जगभर अळंबीमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक याच वंशातल्या काही जातींमुळे होतात. पिशवी मातीत असते. वरून उपटणाऱ्याला ती कधी दिसतच नाही, त्याच्या हातात येते ती एक सुरेख, पांढरी, वासाला वाईट नसलेली छत्री. भाताच्या पेंढ्यावर येणाऱ्या व्हॉल्व्हॅरिएला या चांगल्या अळंबीलाही बुडाशी पिशवी असते, आणि ती खाणारे लोक आहेत. तरी नवशिक्यासाठी नियम एकच: पिशवी दिसली की विषय संपला.

देठावर कडे असेल तरीही सोडून द्यावे. इथे थोडा अन्याय होतो हे मला मान्य आहे, कारण हाइम यांच्याच नावाची आणि १९७९ मध्ये भारतातून वर्णन झालेली टर्मिटोमायसिस हाइमी ही उत्तम अळंबी देठावर कडे घेऊनच येते. पण अमानिता आणि लेपिओटा या वंशांतल्या विषारी छत्र्यांच्या देठांवरही कडे असते, आणि दोन्हींतला फरक सांगायला जो डोळा लागतो तो दोन पावसाळ्यांत तयार होत नाही. छत्रीवर सुटे पांढरे खवले किंवा चामखिळीसारखे तुकडे चिकटलेले असतील, तरीही तेच. लाकडावर, कुंडीत किंवा शेणावर उगवलेली कोणतीही छत्री वारुळाची अळंबी नव्हे. कुंडीत येणारी ती देखणी पिवळीजर्द छत्री तर फोटोपुरतीच ठेवावी.

बीजाणूंचा ठसा

घरी आणलेल्या एका उघडलेल्या छत्रीचा देठ छत्रीलगत कापावा आणि ती पडद्यांची बाजू खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावी, म्हणजे ठसा फिकट असो की गडद, कुठल्यातरी अर्ध्यावर तो दिसतोच. श्रावणातल्या दमट हवेत कागद ओला होऊन सुरकुततो, अशा वेळी काचेचा तुकडा अधिक चांगला, तो मागून पांढऱ्या आणि काळ्या कागदावर धरून पाहता येतो. वर वाटी उपडी घालून रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी छत्री उचलल्यावर पडद्यांच्या आकाराची बारीक भुकटी उमटलेली दिसते, तिचा रंग दिवसाच्या उजेडात पाहावा.

वारुळाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो. ठसा शुभ्र पांढरा आला तर ती अमानिता किंवा लेपिओटा असू शकते आणि तो सगळा वाटा पुरून टाकावा. ठसा हिरवट आला तर ती क्लोरोफायलम मोलिब्डायटिस होय. पहिल्या पावसानंतर हिरवळीवर, गायरानात, शाळेच्या मैदानावर येणारी ही मोठी, पांढरी, वर तपकिरी खवल्यांची छत्री दिसायला इतकी भूक चाळवणारी असते की विषबाधेच्या प्रसंगांत तिचे नाव वारंवार येते. माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी गोठ्यामागच्या गवतातून आणलेल्या सात छत्र्या मला शंभर टक्के वारुळाच्या वाटल्या होत्या. त्या कोवळ्या होत्या, पडदे पांढरे होते, कडे गळून पडले होते आणि मी घाईत उकरून पाहिले नव्हते. सकाळी काचेवर शेवाळी रंगाचा ठसा होता. तेव्हापासून ठसा घेतल्याशिवाय आमच्या चुलीवर अळंबी चढलेली नाही.

गुलाबी ठसा मिळाला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नये. एंटोलोमा वंशातल्या छत्र्यांचा ठसाही गुलाबी असतो आणि त्यांतल्या काही विषारी आहेत. पण त्यांचे पडदे देठाला चिकटलेले असतात आणि देठाला खाली लांब मूळ नसते. म्हणजे मुळासारखा देठ, देठापासून सुटे पडदे, टोकदार टणक बोंड, गुलाबी ठसा, आणि कडे-पिशवी दोन्हींचा अभाव, या सगळ्या गोष्टी एकाच छत्रीत एकत्र दिसल्या पाहिजेत. पाचांपैकी चार म्हणजे नापास. सगळ्या जमल्यावरही दुसऱ्या वर्षी आणलेली अळंबी खायची नाही, तर बाजारातल्या मावशींना किंवा गावातल्या जाणत्या काकींना नेऊन दाखवायची, तीही देठाच्या पूर्ण लांबीसकट.

ज्या कसोट्यांवर विसंबू नये

अळंबीबरोबर चांदीचा रुपया शिजवला आणि तो काळा पडला नाही तर अळंबी चांगली, लसूण काळा पडला नाही तर चांगली, तांदळाचा रंग बदलला नाही तर चांगली, गोगलगाईने कुरतडली असेल तर चांगली, छत्रीची साल सहज निघाली तर चांगली, आणि काहीच नाही तर मीठ-हळदीच्या पाण्यात उकळून ते पाणी फेकले की चांगली, या सगळ्या समजुती खोट्या आहेत. अमानितातले विष चांदीशी किंवा लसणाशी कोणतीही दिसणारी क्रिया करत नाही, ते उकळून, वाळवून किंवा आंबट घालून नष्ट होत नाही, आणि गोगलगायी ते खाऊनही जिवंत राहतात. चवीवरूनही काही कळत नाही. त्यातून वाचलेल्या लोकांनी ती अळंबी चविष्ट लागल्याचे सांगितलेले आहे.

जाणते लोक चुकतच नाहीत, हाही असाच एक भ्रम आहे. २०२२ च्या एप्रिल महिन्यात आसामात रानटी अळंबी खाऊन १३ जणांचा मृत्यू झाला. त्यांत चहाच्या मळ्यांच्या भागातले, दरवर्षी अळंबी गोळा करून खाणारे लोक होते.

विषबाधा झाल्यास

हा भाग टोपली घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी वाचावा. अळंबी खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले तर ते बहुधा हिरव्या ठशाच्या छत्रीसारख्या जातींचे काम असते. त्रास फार होतो, अंगातले पाणी जाते, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्यातूनही धोका असतो, म्हणून दवाखाना गाठावाच. त्याहून भयंकर लक्षण उशिराचे असते. रात्री खाल्ले आणि सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा, पोटात मुरडा येऊन पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, तर अमानितातल्या विषाचा संशय धरलाच पाहिजे. हे विष यकृताच्या पेशींना नवी प्रथिने बनवू देत नाही. एक-दोन दिवसांत जुलाब थांबतात आणि माणूस बरा झाल्यासारखा वाटतो. त्याच वेळी आत यकृत निकामी होत असते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यामुळे उशिरा सुरू झालेले जुलाब थांबले म्हणून रुग्णाला घरी आणू नये.

संशय येताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. ज्यांनी ज्यांनी तीच भाजी खाल्ली त्या सगळ्यांना, अजून त्रास नसला तरी, बरोबर न्यावे. उरलेली भाजी, कच्चे तुकडे, साफ करताना काढलेले देठ आणि फोटो सोबत न्यावेत, आणि खाल्ल्याची वेळ व त्रास सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहून द्यावी. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक डॉक्टरांनाही उपयोगी पडतो. घरी मीठपाणी पाजून उलटी काढणे, ताक-तूप देणे, मांत्रिकाकडे जाणे, यांत जो वेळ जातो तोच रुग्णाला हवा असतो.

तिसरा पावसाळा: खुडणे

दोन वर्षे एकाच दोन-तीन जागा पाहून, ठसे घेऊन आणि जाणत्यांना दाखवून झाले असेल, तर तिसऱ्या वर्षी त्याच जागांवरून खुडावे, नव्या जागेवरून नव्हे. एका छत्रीचा देठ आधी उकरून तपासावा, मग बाकीच्या देठाशी हलकेच पिळून काढाव्यात. वारूळ फोडू नये, पहार किंवा कुदळ वापरू नये. वारूळ मोडले की वाळवी जागा सोडते किंवा मरते, आणि मग त्या जागी अळंबी येण्याचे कारणच उरत नाही.

न उघडलेल्या कळ्या खुडू नयेत, हा नियम मात्र मी आग्रहाने सांगतो, कारण बाजारात कळ्यांना जास्त भाव मिळतो आणि त्यामुळे हल्ली कळ्याच जास्त खुडल्या जातात. पहिल्या पावसात वारुळातून पंख फुटलेली वाळवी उडते, त्यातल्या एखाद्या जोडीचे नवे घर वसते, पण बहुतेक जातींमध्ये हे जोडपे येताना बुरशी घेऊन येत नाही. नव्या घरातल्या पहिल्या कामकरी वाळव्या बाहेर पडून पालापाचोळ्यावर पडलेले बीजाणू गोळा करून आणतात आणि त्यावर घरची पहिली पोळी लागतात. बीजाणू पडतात ते पूर्ण उघडलेल्या छत्रीतून. एखाद्या टेकडीवरच्या सगळ्या कळ्या मिटलेल्या असतानाच उचलल्या, तर त्या वर्षी तिथे वसलेल्या नव्या वाळव्यांना बी मिळत नाही, आणि नुकसान दिसते ते काही वर्षांनी, जुनी वारुळे संपत आल्यावर. म्हणून निदान तिसरा हिस्सा उघडू द्यावा, आणि खुडलेल्या उघड्या छत्र्या घरी नेताना विणीतून हवा खेळणाऱ्या टोपलीतूनच न्याव्यात, म्हणजे वाटेने थोडे बी सांडत जाते.

पहिले जेवण

साफसफाई रानातच निम्मी करावी. देठाचे मातीने भरलेले टोक तिथेच कापून टाकावे, म्हणजे टोपलीत वरच्या छत्रीखाली खालचीचे पडदे मातीने भरत नाहीत. घरी बोंडावरची माती सुरीच्या पाठीने खरवडून छत्र्या दोन-तीन पाण्यांतून अलगद काढाव्यात. भिजत ठेवू नयेत. आणल्या दिवशीच शिजवाव्यात, कारण दुसऱ्या दिवशी पडदे काळपट पडतात, चव उतरते आणि पावसाळ्यात उन्हात वाळवायची सोय नसते.

शिजवण्याआधी त्याच वाट्यातल्या दोन अखंड छत्र्या, देठासकट, कागदात गुंडाळून वर तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. कोणाला काही झालेच तर ओळख पटवायला त्या लागतात. पहिल्यांदा खाताना एकाच जागेची अळंबी शिजवावी, दोन ताटव्यांची मिसळू नये. कच्ची किंवा अर्धी कच्ची खाऊ नये, आणि त्या दिवशी दारू घेऊ नये, म्हणजे त्रास झालाच तर कारण शोधताना घोटाळा होत नाही. पहिल्या दिवशी घरातल्या एकाच निरोगी, मोठ्या माणसाने दोन-तीन छत्र्यांपुरतीच भाजी खावी आणि पुरे २४ तास वाट पाहावी. चांगली ओळखलेली अळंबीही एखाद्याला मानवत नाही, त्याला इलाज नाही. मुले, गरोदर बाई आणि आजारी माणूस यांना पहिल्या वर्षी वाढू नये.

पाककृती ज्याच्या त्याच्या घरची. आमच्याकडे ठेचलेल्या लसणावर कांदा परतून, हळद-तिखट घालून छत्र्या हातानेच उभ्या फाडून टाकतात, झाकण ठेवून त्यांच्या अंगच्या पाण्यात चांगल्या वीस मिनिटे शिजू देतात, आणि शेवटी भाजलेल्या ओल्या खोबऱ्याचे वाटण आणि दोन आमसुले घालून उकळी काढतात. श्रावणात मासे-मटण बंद असते तेव्हा आंबोळीबरोबर हा रस्सा पानात आला की काही घरांत ‘ही शाकाहारी कशी?’ असा वाद दरवर्षी होतो आणि वाद घालणारेही दुसऱ्यांदा वाढून घेतात. फ्रिजमध्ये राखून ठेवलेल्या त्या दोन छत्र्या तिसऱ्या दिवशी बाहेर काढून मातीत पुराव्यात, आणि वहीत त्या जागेपुढे तारीख लिहून ठेवावी.